मिस्त्रीला घ्यायचं का?

८ नोव्हेंबर, शनिवार

भांडण! सारी दुपार तात्यापाऱ्यात, यशदीपच्या गच्चीवर. आमच्या तिघांच्या जुन्या मोबाइल गेममधली पात्रं आता एकाच गेममध्ये एकमेकांशी लढणार — इथवर सगळे खूश. पण खेळणाऱ्याला निवडता येतील अशी पात्रं कोणती, यावरून फाटलं. अपर्णाची चेटकीण पक्की. यशदीपचा ट्रक ड्रायव्हर पक्का. माझ्या मिस्त्रीचं नाव निघालं तसा यशदीप म्हणे, "एक हाथ वाले को कौन चुनेगा यार? पीछे खड़ा कर देते हैं, भट्टी के पास."

मागे! शोभेला!

अपर्णा मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. तेच जास्त लागलं.

मिस्त्री म्हणजे बाबा, हे दोघांनाही माहीत नाही.

९ नोव्हेंबर

दिवसभर चिडचिड. आईवर उगाच ओरडले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सांगून टाकलं. मिस्त्री म्हणजे माझे बाबा. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलमध्ये कामाला होते. मी रांगत होते तेव्हा तापलेली सळई उसळली आणि उजवा हात कोपरापासून गेला. यशदीपचं तोंडच उतरलं. "सॉरी, चेतना. ले लेते हैं, ले लेते हैं."

जिंकले. पण हे कसलं जिंकणं? वाद घालून नाही — बाबांचा तुटका हात मधे ठेवून. जेवण गेलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

यशदीप लॅपटॉप घेऊन पहिल्यांदाच भनपुरीला आमच्या घरी आला. मी आत चहा टाकत होते. बाहेरून त्याचा आवाज — "अंकल, ये देखिए, आप!"

धावले. बाबा पडद्याकडे पाहत होते. मिस्त्री उभा. डाव्या हातात सांडशी, उजव्या बाहीला गाठ. बाबा मारतात तशीच.

यशदीप गेल्यावर बाबा म्हणाले, "मले इचारलं काहून नाही?"

म्हटलं, बाबा, हा सगळ्यात ताकदवान आहे, एका हातानं सगळ्यांना —

"मी कबड्डी खेळलो. तुह्या आईले सायकलवर डबलसीट फिरवलं. इतके वर्स मिलमंदी घाम गाळला. तुले त्यातला तो एकच दिवस दिसला काय?"

आई म्हणाली, "जाऊ द्या नं. पोट्टीनं मायेनंच काढलं."

बाबा उठून बाहेर गेले. ट्रकच्या धुळीत, रस्त्याच्या कडेला नुसते उभे.

१६ नोव्हेंबर

मिस्त्री काढून टाकला. यशदीपचा फोन — "अब क्या हुआ? तू ही तो लड़ रही थी!" काय सांगू त्याला?

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाबा बोलतात, पण कामापुरतं. "नळ आला." "गेट लाव."

अपर्णा भेटली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणे, "तो अंकल से ही पूछ ना, रखना है कि नहीं." इतकं साधं! मी भांडले, जिंकले, काढूनही टाकलं — सगळं माझ्याच मनानं. आताही विचारायची भीती वाटते. नाही म्हणाले तर? हो म्हणाले, तेही माझ्यासाठी म्हणून, तर?

२० नोव्हेंबर

विचारलं. बाबा मेथी निवडत बसले होते — जुडी मांडीखाली दाबून. उरलेली पानं खुडून संपवली. मग म्हणाले, "ठेव. पण दोन्ही हातांचा काढ. लढू दे त्याले मन भरून."

लगेच काढायला बसले. जमेना! बाबांचा उजवा हात मला आठवतच नाही. कसा आठवणार? लग्नाच्या फोटोत तो हारामागे झाकलेला. आईला विचारलं. ती सांगायला लागली आणि मधेच उठून आत गेली.

कुणाचाही हात लावून देऊ? बाबांना?

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बाबा आपणहून समोर येऊन बसले. डावा हात टेबलावर ठेवला, बोटं फाकवून.

"हाच उलटा काढ," म्हणाले. "दोघंबी सारखेच होते."