रविवारची गोळी

आई,

आधी घडलं ते क्रमानं लिहिते.

१. दिवाळीपासून आक्काच्या दोन्ही हातांची बोटं सकाळी वळत नाहीत. आखडलेपणा जायला तासावर वेळ लागतो.
२. मी तिचं रक्त घेतलं. आर. ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, दोन्ही पॉझिटिव्ह.
३. बेळगावच्या डॉक्टरांनी आमवात सांगितला. गोळी दिली, आठवड्यातून एकदाच, रविवारी.
४. सदलग्यात आक्काच्या घराजवळचा मेडिकलवाला पाकीट बघून म्हणाला, घरात कॅन्सर कुणाला झालाय?
५. तीन रविवार गेले. पाकीट फोडलेलं नाही.

मी फोनवर समजावलं, मग रजा टाकून सदलग्याला गेले. तीच गोळी कॅन्सरला फार मोठ्या मात्रेत देतात, इथं थोडी, हे सांगितलं. झीज वेगळी आणि आमवात वेगळा, हेही सांगितलं. झिजेत सांध्यातली कुर्चा घासते, सकाळचा आखडलेपणा थोड्या वेळात सुटतो. आमवातात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्याच्या अस्तराला शत्रू समजते, म्हणून दोन्ही हात सारखे सुजतात आणि आवर घातला नाही तर बोटं वाकडी होतात. हे मी रोज लॅबमध्ये अनोळखी माणसांना सांगते आणि त्यांना कळतं. आक्का शाळेत गणित शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं, चहा ओतला, कप दोन्ही तळहातांत धरून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "वात म्हंजे वात की गं. आईचं हात असलंच हुतं. तिनं खाल्ली व्हय गोळी? शेवटपर्यंत इड्या वळल्या तिनं."

शेवटपर्यंत विड्या वळल्या नाहीस. आक्का लग्न होऊन गेली होती, तिला माहीत नाही. मला माहीत आहे. निपाणीच्या त्या स्वयंपाकघरात तू सगळ्यांच्या आधी उठतेस, पातेल्यात कोमट पाणी घेऊन हात बुडवतेस आणि एकेक बोट उघडतेस. मग शेजारची काकू सुपात पानं-तंबाखू घेऊन येते. तू नुसती पानं भिजवून, पुसून द्यायचीस, कापणं आणि वळणं तिचं. आपल्या गल्लीची रीतच होती, जिची बोटं गेली तिनं पानं करायची. त्याला कुणी आजार म्हटलं नाही. काकू मला म्हणायची, "तुझी आई मुकादम झालीया. बसून हुकूम सोडती." तू हसायचीस. इतक्या बायकांचे हात तसे होते की हात असेच असतात, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. याचा मला अजून राग येतो. गल्लीतल्या एकीनं तरी विचारायला हवं होतं.

तू विचारलंस. मी लॅबच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते, परीक्षा तोंडावर होती. तू दोन्ही हात माझ्या वहीवर ठेवलेस. "बघ गं, शिकतीयास न्हवं. काय हाय ह्ये?" मी बघितलं. मुठीचे सांधे दोन्हीकडं सारखे सुजलेले, बोटं करंगळीच्या बाजूला कललेली. पुस्तकातलं चित्र होतं ते. मी म्हटलं, झीज आहे, कामानं होते. "मग बराबर हाय," म्हणालीस आणि हात काढून घेतलेस.

माझ्या पिशवीत सुई होती, ट्यूब होत्या. सरावासाठी मी वर्गातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं होतं. तुझं घेतलं नाही. रिपोर्ट आला असता तर घरी कुणाला तरी थांबावं लागलं असतं, आणि घरात मीच उरले होते.

सदलग्याहून निघताना आक्कानं दारात विचारलं, "आईला ह्योच हुता का? खरं सांग." मी म्हटलं, तपासलं नव्हतं, सांगता येत नाही. उत्तर अक्षरशः बरोबर आहे. हो म्हटलं तर ती गोळी घेईल, असं मला वाटतं. तुझे हात तिनं शेवटी बघितलेत, ते कशानं झाले एवढंच तिला कळायला हवं. पण मग ती विचारेल, तुला कधी कळलं होतं?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला कळतं. तरी विचारते, तिला सांगू का? शनिवारी संध्याकाळपर्यंत कळव.