जात्यावर गप्प बसलेली बाई

आप्पा, तुमचा सिनेमाचा तंबू गेला, मशीन भंगारात गेलं, तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण आपलं भांडण काही मिटलेलं नाही. मी अजूनही म्हणते की सिनेमातलं गाणं म्हणजे पानातला पापड. असला तर छान, नसला म्हणून कुणी उपाशी उठत नाही. तुम्ही म्हणायचात, "पापड नसंल तं पंगत कसली गं?" आणि वर मान हलवून हसायचात. त्या हसण्याने चिडून मी आणखी चढ्या आवाजात बोलायची. आज मध्ये तोडायला तुम्ही नाही, तेव्हा सगळं सावकाश सांगते.

दिवाळी सरली, शेतं मोकळी झाली की तुमचा तंबू निघायचा. आधी खालापूर, मग नेरळच्या अलीकडे, आणि शेवटी कशेळं, कारण तिथल्या बाजाराला डोंगरातल्या वाड्यांची माणसं उतरायची. बायका एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या अंगाला, मध्ये नुसती एक दोरी. टेंपोवर भोंगा बांधून तुम्ही गावोगाव सिनेमा पुकारायचात, आणि त्यात नटनट्यांची नावं नंतर, गाणी किती हे आधी. "नऊ गाणी, नऊ! आणि वर हाणामारी!" लहानपणी मला वाटायचं, सिनेमा भाजीसारखा गाण्यांच्या वजनावर विकतात. एखादं गाणं आवडलं की तंबू 'वन्समोर' ओरडायचा, मशीन थांबायचं, रीळ मागे फिरायचं, आणि नुकतीच मेलेली नायिका उठून पुन्हा नाचायला लागायची. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नसे. मलाही नाही, हे कबूल.

मग तुम्हीच मला कॉलेजसाठी मुंबईला मामाकडे धाडलंत, तेव्हा पुढचं जे झालं त्यात तुमचाही वाटा आहे. तिथे एक फिल्म क्लब होता. लाकडी खुर्च्या, खोकणारा पंखा, आणि सिनेमा संपल्यावर चहा पीत पीत तासभर वाद. सत्तर सालानंतरची ती वर्षं, नव्या तऱ्हेचे सिनेमे निघत होते, आणि आम्ही त्यांच्यावर जीव टाकत होतो. तिथेच मी तो सिनेमा पाहिला. एका गावातली बाई. नवरा गिरणीत कामाला गेलेला, पत्रं यायची थांबलेली. पहाटे ती जात्यावर बसते आणि दळत राहते. एक शब्द नाही, वाद्य नाही, नुसती जात्याची घरघर, आणि ते दळण काही संपत नाही. मी ढसाढसा रडले. आतापर्यंत पडद्यावर बाई रडली की दहा सारंग्या तिच्याबरोबर रडायच्या. इथे पहिल्यांदा कुणी तिला एकटीला दुःख करू दिलं होतं.

बाहेर चहावर एक शहाणा म्हणाला, "ग्रेटच आहे, पण खेड्यात चालणार नाही. लोक दहा मिनिटांत उठतील." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खेडं म्हणजे माझी माणसं. ज्या बायकांनी जन्मभर जातं ओढलं त्यांना हा सिनेमा कळणार नाही, आणि या पंख्याखालच्या मंडळींना कळणार? मी म्हटलं, "माझ्या वडिलांचा तंबू आहे. दाखवते, आणि एक माणूस उठला तर सांगा." बोलून तर बसले. आपली माणसं हा सिनेमा बघतात की नाही, एवढ्यावर माझा सगळा विश्वास टांगलेला होता.

तुमच्यासमोर आले तेव्हा तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "गाणी किती?"

"एकही नाही."

"हाणामारी?"

"नाही."

"मंग हाय तरी काय त्यात?"

"बाई आहे, आप्पा."

तुम्ही डोकं खाजवलंत. मग म्हणालात, "लोकं उठली तं तंबूचं नाव जाईल, तुझं काय जातंय? बरं, आण रिळांची पेटी." आणि दुसऱ्या दिवशी भोंग्यावर पुकारलंत, "बाईचा सिनेमा! आयाबायांनी जरूर यावं!" इतकंच. गाण्यांचा आकडा सांगितला नाहीत, पण खोटंही बोलला नाहीत. त्याबद्दल मी तुम्हाला तेव्हा शाबासकी द्यायला हवी होती.

कशेळ्याला त्या संध्याकाळी दोरीच्या बायकांकडच्या अंगाला पाय ठेवायला जागा नव्हती. सुरुवातीचा भाग लोकांनी ऐकून घेतला. सिनेमातल्या सासूच्या बडबडीला सगळ्या बाया "अगं बया, हिच्या तोंडाला कुलूपच न्हाई!" म्हणून हसल्या. मग ते जातं आलं. लगेच बाप्यांकडून शिट्टी. "आवाज गेला! आप्पा, भोंगा बिघाडला!" मी मशीनपाशी उभी होते. ओरडून सांगितलं, "बिघडला नाही हो, सिनेमा असाच आहे!" तर एक बाई म्हणते, "घरघर तं येतेय. बाईचाच आवाज गेला."

"मुकी हाय का काय?"

"मुकी कशी? मगाशी सासूशी बोलली की!"

"जात्याव बसली नि गाईना? असं कुठं अस्तं गं?"

आणि तिथे मला कळलं की दिग्दर्शकाने, मी, आणि आमच्या अख्ख्या क्लबाने ही एक गोष्ट धरलीच नव्हती. या बायकांच्या लेखी जातं आणि ओवी वेगळी नव्हती. न गाता दळणारी बाई त्यांना दुःखी वाटली नाही, आजारी वाटली. पुढे बसलेल्या एका म्हातारीने गळा साफ केला आणि पडद्याकडे बघत सरळ सुरू केलं:

"पडद्यातल्या बाई, अशी गप्प का गं राहशी,
धनी गेला दूरदेशी, कुणाची वाट पाहशी."

तिच्यामागून दुसरी, मग सगळ्या. मी तुमचा हात धरला. "आप्पा, थांबवा त्यांना, सिनेमा मेला माझा!" तुम्ही काय केलंत? पुकाऱ्याचा माइक उचललात, वायर सोडत सोडत दोरी ओलांडलीत आणि त्या म्हातारीच्या तोंडापुढे धरलात. वर ऑपरेटरला खूण, सिनेमाचा आवाज कमी कर म्हणून. भोंग्यातून ओवी घुमली, पडद्यावरची बाई तिच्या तालावर दळू लागली, आणि मी तंबूमागे जाऊन संतापाने रडले.

नंतर मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले. तुम्ही फक्त विचारलंत, "उठून गेलं का कोण?"

"सिनेमा बघायचा असतो आप्पा, त्यात भर घालायची नसते!"

"अगं, ती एकटी दळत व्हती. बायांना बघवंना."

यावर मी पाय आपटत आत गेले. माझं मत आजही तेच आहे. दिग्दर्शकाने गप्प ठेवलेली बाई गप्पच राहायला हवी. तिच्या तोंडी ओवी घालणं म्हणजे दुसऱ्याच्या आमटीत आपलं मीठ टाकणं. गाण्याशी माझं वैर नाही; हल्ली पोरं गिटार घेऊन आपली आपण लिहिलेली, आपणच चाल लावलेली गाणी म्हणतात. मी मुद्दाम जाऊन ऐकते. काही झकास, काही नुसती रडकी, पण कुठल्या कंपनीच्या तालावर नाचत नाहीत म्हणून मला त्यांचं कौतुक. ती म्हातारीही कुणाला विचारून गायली नव्हती. तिचं गाणं उत्तम होतं, आप्पा. जागा चुकीची होती. हे मी तुमच्या तोंडावरही सांगितलं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते; नाहीतर तुमचं ते मान हलवून हसणं मला सोसलं नसतं. परवा तोच सिनेमा पुन्हा लागला होता. आधी एका तरुण समीक्षकाने त्या शांततेवर सुंदर भाषण केलं, सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. मग ते जातं आलं. सगळं सभागृह गप्प. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी माझ्या दंडाला हात लावला आणि कुजबुजल्या, "अहो, गाऊ नका ना, सिनेमा बघू द्या."