सात लेकरांची आई

१३ जुलै १९६९

अनंताला माझा चेहरा हवा आहे! सकाळी आला, चहा घेता घेता म्हणाला, "प्रेमाताई, तीन-चार रविवार माझ्यासमोर बसशील?" मला आधी कळलंच नाही. मावशीचा हा धाकटा. सक्करदऱ्याला टिनाच्या शेडमध्ये दरवर्षी गणपती करतो. यंदा मोठं काम मिळालंय — दवाखान्यासमोरच्या चौकात कुटुंब नियोजनाचा पुतळा. लाल त्रिकोणाखाली सुखी कुटुंब, आई-बाप आणि दोन मुलं. त्यातली आई म्हणजे मी.

म्हटलं, अरे, मला मूल नाही. चौकात आई म्हणून उभी केलीस तर लोक काय म्हणतील? "लोक चेहरा बघतात. तुझ्या चेहऱ्यावर ते आहे."

हे पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. "बस की," म्हणाले. पेपर खाली केला नाही.

२० जुलै

बसले. शेडमध्ये मरणाचा उकाडा, पाऊस नावाला नाही. अनंता मातीचा गोळा थापत होता आणि बोलत होता, मी हलू नये म्हणून. मग एकदम म्हणाला, "ताई, तुझं बाळ... मुलगी होती ना?"

साठ सालानंतर हे मला कुणी विचारलं नव्हतं. घरात तो विषयच नाही. मी सगळं सांगितलं. दोन दिवस कळा दिल्या, मग मला शुद्धच नव्हती. डोळे उघडले तेव्हा पाळण्याची जागा रिकामी होती. मुलगी होती, रडलीच नाही म्हणे. मला दाखवली नाही. हे खिडकीशी माझ्याकडे पाठ करून उभे होते. सासूबाई म्हणाल्या, "आता पुढच्याची आशा करायची." दूध मात्र आलं होतं. चार दिवस पदर ओला व्हायचा.

अनंताचे डोळे भरले होते. हात मात्र चालू होते. मला वाटलं, कलावंत माणूस, हात असेच चालत असतील.

हलकं वाटलं. किती दिवसांनी!

२७ जुलै

आज डोळे केले म्हणे. बघू देत नाही, ओलं फडकं टाकून ठेवतो.

१० ऑगस्ट

जेवताना सासूबाईंनी पुन्हा सुरू केलं. "माह्या श्रीधरचा वंश बुडून राहिला. दुसरी करून टाक म्हटलं होतं मी, तर यानं आयकलं नाही." माझ्या हातात वाढायची पळी. हे ताटावरून उठले नाहीत. ताक मागितलं.

एका अर्थी बरे आहेत. दुसरी केली नाही. बाकीच्यांचे नवरे काय काय करतात. मीच कुठेतरी कमी पडते. पुढल्या महिन्यात सीताबर्डीच्या त्या वैद्यांकडे जाईन. शेजारच्या इंदूबाईच्या भाचीला गुण आला म्हणते.

७ सप्टेंबर

अनंता घरी येत नाही. निरोप पाठवला तर म्हणे सिमेंटचं काम चाललंय, फुरसत नाही.

५ ऑक्टोबर

लिहू की नको? लिहिते. नाहीतर डोकं फुटेल.

आज अनावरण होतं. मी मोतिया रंगाची साडी नेसले, अंबाडा घातला. मूर्खच! ह्यांना ऑफिसचं काम निघालं. रविवारी कसलं ऑफिस, विचारायला हवं होतं. इंदूबाईला घेऊन गेले. बँड होता, शाळेची पोरं रांगेत. पुढाऱ्यांनी दोरी ओढली, कापड खाली आलं.

एक नाही, दोन पुतळे. उजवीकडे सुखी कुटुंब, माणसाच्या उंचीचं. त्यातली आई गोल गालांची, हसरी. पुतळा समितीच्या अध्यक्षांची सून आहे ती. समोरच खुर्चीत बसली होती, स्वतःकडे बघून लाजली.

डावीकडे दुप्पट उंच बाई. केस सुटलेले, लुगडं फाटलेलं. एक पोर मानेवर, एक केस ओढतंय, दोन छातीशी, दोन पायाला मिठी मारून. सातवं पोटात — पोट एवढं पुढे आलेलं. पायाशी पाटी, "नको ही दशा". आणि तोंड माझं. नुसतं नाक-डोळे नाहीत. त्या दिवशी शेडमध्ये बोलत असताना जसं झालं असेल तसं. तोंड अर्धवट उघडं, कुणाला तरी काहीतरी मागत असल्यासारखं.

पोरं हसत होती. मोठेही हसले. हसण्यासाठीच केलंय ते. इंदूबाई आपली मोठ्यानं, "अवं बाई! हे तं तूच होय!" पुढच्या दोन रांगा वळल्या.

घरी कशी आले, आठवत नाही. अनंता स्टेजवर होता, गळ्यात हार. माझ्याकडे बघितलं नाही.

६ ऑक्टोबर

दूधवाला हसला. बाहेर पडले नाही.

८ ऑक्टोबर

शेडवर गेले. अनंता एकटाच होता. म्हटलं, मला सुखी कुटुंबातली आई म्हणालास.

"तसंच ठरलं होतं, ताई. मग अध्यक्ष सुनेला घेऊन आले. तुझं डोकं तयार होतं. आणि खरं सांगू? ते सुखी आईचं नव्हतंच. माझ्या हातून आजवर एवढं चांगलं काम झालेलं नाही. ते मोडवलं नाही मला."

"मी तुला काय सांगत होते तेव्हा? तू ते घेतलंस आणि लोकांना हसायला दिलंस."

तो नखातली माती काढत बसला. मग म्हणाला, "मी विचारल्याशिवाय नाही केलं."

"मला कधी विचारलंस?"

"भाऊजींना. सप्टेंबरमध्ये इथे आले होते, पूर्ण पुतळा पाहिला. म्हटलं, ताईला चालेल का? बराच वेळ बघत उभे राहिले. म्हणाले, राहू दे. तिला कुठेतरी मुलं असू देत."

परत येताना रिक्षाच केली नाही. चालत आले.

९ ऑक्टोबर

ह्यांना विचारलं. चपला काढत होते. म्हटलं, तुम्ही पाहिलं होतं? "हो." चालेल म्हणालात? "हो." का?

"मला तो चांगला वाटला."

"लोक हसतात मला."

"मी हसलो नाही, प्रेमा." आणि हात-पाय धुवायला गेले. अनंताचं समजू शकते, त्याला नाव हवं होतं. ह्यांना काय हवं होतं? कालपासून ह्यांचं पान वाढते आणि आत निघून येते.

१४ ऑक्टोबर

नवरात्र बसलं आणि भलतंच सुरू झालंय. इंदूबाई सांगत आली. पुतळ्याच्या पायावर कुणीतरी हळदी-कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी नारळ. आता रोज बायका येतात, ज्यांना मूल नाही त्या! "सात लेकरायची माय हाये म्हन्तेत. ओटी भरली का कूस उजवते." पाटीवर कुणीतरी चोळीचा खण बांधलाय, अक्षरं झाकली गेली. दवाखान्यातली माणसं हाकलतात, बायका फिरून येतात. सुखी कुटुंबाकडे कुणी बघत नाही.

"तुह्याच तोंडाची देवी झाली वं," इंदूबाई म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती.

१७ ऑक्टोबर

सासूबाईंच्या कानावर गेलं. त्यांना दिसतं कमी, तोंड कुणाचं आहे ते त्यांना ठाऊक नाही. इतर कुणी सांगितलं नाही, मीही नाही. म्हणाल्या, "अष्टमीले तू बी जाय. खन-नारळ घे. मी येतो संग."

हे तिथेच होते. कधी नाही ते मध्ये बोलले, "तिला नको नेऊ."

"काहून? साऱ्या जाऊन राहिल्या."

ह्यांचं तोंड उतरलं होतं.

१९ ऑक्टोबर

गेले. नाही म्हटलं असतं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. आणि खोटं कशाला, मनातून थोडी आशाही होती. स्वतःच्याच तोंडापुढे हात जोडायचे, तरी होती.

रांग रस्त्यापर्यंत. सासूबाई माझा दंड धरून. पुढे भिवापूरकडची एक पोरगी, विशीची असेल, सोबत तिची सासू. तिनं ओटी भरली, वळली आणि मला पाहून थबकली. वर बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. काही कळायच्या आत माझ्या पायावर डोकं टेकवलं. "माय, मले एक दे. एकच दे. नाहीतं हे मले टाकून देतेत."

तिचे अश्रू माझ्या पायावर पडले, गरम. मागच्या बायका पुढे सरकल्या, कुणी पदराला हात लावला, कुणी पायाला. सासूबाई विचारत होत्या, "काय झालं? काय होऊन राहिलं?" मी त्या पोरीला उठवलं. म्हटलं, बाई, माझ्याजवळ काही नाही. ती ऐकेचना. जवळ घेतली तेव्हा सोडलं तिनं.

खण-नारळ तिलाच दिला. सासूबाईंना घेऊन घरी आले.

ह्यांना सगळं सांगितलं, आधी बोलायचं नाही असं ठरवूनही. त्या पोरीचं ऐकताना हे भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "आता पुरे, प्रेमा. तू कुणाकडे जाऊ नकोस. वैद्याकडेही नको." मी म्हटलं, का? म्हणाले, सकाळी सांगतो. आई देवळात गेल्यावर.

२० ऑक्टोबर, दसरा

ह्यांनी नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलंय. एकसष्ट सालीच, वर्ध्याला जाऊन. मुलीच्या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुन्हा दिवस गेले तर ही वाचणार नाही. सासूबाईंना सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. एवढी वर्षं माझे उपास, माझी औषधं, सासूबाईंचं बोलणं — सगळं समोर बसून पाहिलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

म्हणाले, "तू ऐकलं नसतंस. जीव गेला असता तरी चाललं असतं तुला."

नसतंच ऐकलं.