जाळीतली ओळ

महाड, १० फेब्रुवारी २०२५

ती. प्रयागवन्सना सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो, म्हणून पत्र. एका बंद छापखान्यातून मी स्क्रीन प्रिंटिंगचं जुनं मशीन घेतलंय. रॉकेल आणि तुमच्या भावाचा टूथब्रश घेऊन आठ दिवसांत बिजागऱ्या मोकळ्या केल्या. पाचगणीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आमच्याकडून पितळी घंटा घासून घ्यायच्या, ते आठवलं. शाबासकी द्यायला मात्र कोणी नव्हतं. उलट अक्षयने बजावलंय, पाडव्यापर्यंत एक काम सुबक झालं नाही तर मशीन भंगारात. तुमचा भाचा आईला नोटीस देतो.

नाते गावच्या कबड्डी संघाचे बारा टी-शर्ट छापायचेत. चौकटीतल्या जाळीतून शाई ओढली की अक्षरं उमटतात. पण जाळीत जुन्या लग्नपत्रिकेची ओळ बसलीय, ‘माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. तुमच्या मनगटात जोर, म्हणून चौकट आणि ती ओळ काढायचं औषध एसटीने पाठवते. औषध लावून लगेच धुवा, वाळू देऊ नका.

लोभ तुमच्याकडेच ठेवा, चौकट परत पाठवा.

तुमची तुळसा

पोलादपूर, १५ फेब्रुवारी

चि. सौ. तुळसास अनेक आशीर्वाद.

नात समीक्षा लिहितेय, शब्द माझे. तुझं पत्र तिने आज वाचलं. काम मी अंदाजानं आधीच उरकलं. औषध चोपडून चौकट गच्चीत कुरडयांशेजारी दोन दिवस उन्हात वाळवली, मग घासली. ओळ जागची हलली नाय. शेजारची बनुबाई म्हणते, प्रयाग गो, आता ही तुझ्यासंगतीच जायची. माझ्यापायी मशीन भंगारात गेलं तर मला घास उतरायचा नाय. रागाव, पण इंग्रजीत नको.

माया पातळ करू नको.

तुझी वन्स

महाड, ५ मार्च

ती. वन्सना सा. न.

रागावले नाही. जाळीच्या मोकळ्या भागात संघाचं नाव घेतलं, ती ओळ चिकटपट्टीने झाकली. अकरा टी-शर्ट असे उतरले की मीच हळवी झाले. बाराव्याला पट्टी सुटली. पाठीवर संघाचं नाव आणि खाली काकाच्या लग्नाचं आमंत्रण, तेही वाकडं. जादा टी-शर्ट नाही. तो कोणी घेईना, म्हणून संघातल्या चांगूच्या गळ्यात पडला. छत्तिशीचा, सतरा ठिकाणी नकार मिळालेला, तो मुकाट घेऊन गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्षयने भंगारवाल्याचा नंबर शोधून ठेवलाय. रविवारी सव गावात सामना आहे. मी जाणार नाही.

लोभ कमी झाला तरी कळवा.

तुळसा

पोलादपूर, २४ मार्च

चि. सौ. तुळसास आशीर्वाद.

तू नाय गेलीस, मी गेले. सवच्या गरम कुंडात गुडघे शेकले आणि सामना बघितला. आपला संघ हरला. चांगूचं कोपर फुटलं. तिथली नर्स रूपाली पट्टी बांधताना पाठ वाचून हसायला लागली. विचारते, काकाचं लग्न कधी हाय. चांगू म्हणाला, मुलगी मिळाली की. ती म्हणाली, मग आमंत्रणाची घाई कशाला. तो म्हणाला, छापणाऱ्या बाईंना विचारा. एवढं तो जन्मात बोलला नव्हता.

काल सुपारी फुटली. तीनशे पत्रिका तुझ्याकडेच छापायच्या, आणि ती ओळ तश्शीच, वाकडी हवी, अशी दोघांची अट हाय. अक्षयला वाचून दाखव. भंगारवाला आलाच तर त्याला एक पत्रिका दे.

लोभ ठेव, आणि आता ती ओळ घासू नको.

तुझी वन्स