चढलं की घ्यायची गोळी

बाबा, तुमचं दुखणं आता माझ्याकडे आलं आहे. कंपनीत तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी दोनदा दंडाला पट्टा गुंडाळला, आठवड्यानं रोह्याच्या दवाखान्यात बोलावून पुन्हा गुंडाळला आणि म्हणाल्या, बीपी आहे, घरात कुणाला होतं का? जिभेवर आलं होतं, की होतं एकाच्या अंगात, पण भोगलं सगळ्या घरानं. परक्या बाईपुढे काय बोलायचं? वडिलांना होतं, एवढंच सांगितलं आणि वरसेला घरी आले.

तुमच्या बीपीची मला किळस होती. आजाराची नव्हे, तुम्ही तो जसा वापरलात त्याची. रेडिओ जरा मोठा झाला, की माझं बीपी वाढवू नका. आईनं चार दिवस माहेरी गागोद्याला जाते म्हटलं, तरी तेच. एकदा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिनं आमटीत मीठ कमी घातलं, तर पहिल्याच घासाला तुम्ही ताट सरकवलंत. "असलं खायला घालून माझं बीपी वाढवणार तुम्ही." मीठ कमी पडल्यानं बीपी वाढलेला अख्ख्या पेण तालुक्यातला पहिला माणूस तुम्ही असणार. आई उठली, पोह्याचे पापड भाजले, लोणच्याची बरणी पुढ्यात ठेवली. पापड कुरूमकुरूम चावत तुम्ही शाळेत पोरांना शिकवायचात तसं आम्हाला शिकवलंत, की हा आजार घरच्यांच्या वागण्यानं होतो. गोळ्या फळीवर धूळ खात पडल्या होत्या. चढलं की घ्यायची, हे तुमचं शास्त्र. आणि चढलंय हे तुम्हाला आमच्या तोंडाकडे बघून कळायचं.

बारावीनंतर मला पुण्याला प्रवेश मिळाला, ती दुपार तुम्हाला आठवते का? मी ती बातमी सांगते तेव्हा तुम्ही खुर्चीत बसलेले आहात. डोळे मिटता आणि छातीवर हात ठेवता. आई धावत जाऊन ओला फडका आणते, तुमच्या कपाळावर ठेवते आणि माझ्याकडे वळते. "गप गो. मारतेस का त्यांना?" मी म्हणते, "नाय जात मी." फडका अजून ओलाच आहे, आणि तुम्ही डोळे उघडून चहा मागता. बशीतला चहा फुर्रकन ओढल्याचा तो आवाज अजून कानात आहे. मी पेणमध्येच शिकले, पुढे रोह्याला कंपनीत हिशेबाच्या कामाला लागले, आणि वाईट चाललंय असंही काही नाही.

आणि गेलात कधी, तर घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता तेव्हा. रविवार होता. वालाचं बिरडं मागून मागून खाल्लंत, झोपाळ्यावर बसलात, पान जमवता जमवता हात लुळा पडला आणि तोंड एका बाजूला गेलं. अलिबागला नेताना वडखळच्या नाक्यावरच सगळं संपलं. तुम्हाला घरी आणलं, अजून खाली उतरवलंही नव्हतं, तेवढ्यात आत्या आईला विचारते, "काय बोललीस गो त्याला?" आई काही बोलली नव्हती. तरी ती बिचारी पुढे मरेपर्यंत आठवत बसायची, की आपल्या तोंडून काय निघून गेलं. मला तुमचं मरण पचलं, पण हे नाही पचलं. आत्याच्या हातचं पाणीसुद्धा मी त्यानंतर घेतलं नाही.

डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हा वाटलं, तुम्हाला कान धरून शेजारी बसवावं. त्या म्हणाल्या, "रागानं बीपी चढतं, आणि राग गेला की तेवढं उतरतं. तुमचा आजार वेगळा. तो राग नसतानाही आत बसून असतो. डोकं दुखायची वाट बघू नका, बहुतेकांचं दुखतच नाही. गोळी रोज घ्यायची. आकडा नीट आला तर तो गोळीमुळे आलाय, म्हणून मनानं सोडायची नाही." पापड, लोणचं, सुकी मासळी कमी, आणि रोज पायी फिरणं. बास, एवढंच होतं, बाबा. एवढंसं करायला नको, म्हणून तुम्ही आम्हाला वर्षानुवर्षं श्वास धरून बसवलंत. शी.

आता माझी मुलगी. तिला नागपूरला प्रवेश मिळाला आहे. परवा संध्याकाळी मी टेबलाशी बसून बीपी मोजत होते, आकडा बराच वर आला. ती मागे उभी होती. हळूच म्हणाली, "आई, मी नाय जात." मी तिला काही बोलले नव्हते. छातीवर हातही ठेवला नव्हता. तिला समोर बसवलं आणि सांगितलं, बीपी माझं, गोळी माझी, तुझ्या जाण्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, बॅग भर. ती थोडी रडली आणि माळ्यावरून बॅग काढायला गेली.

हे पत्र कुठे पाठवणार, फाडूनच टाकीन. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगता येईल, दुसऱ्या कुणाला कळायची नाही. ती "नाय जात" म्हणाली आणि मी "बॅग भर" म्हणाले, त्या मधल्या वेळात मला फार बरं वाटलं होतं, बाबा. इतकं बरं, की मी तिला चहा टाकायला सांगणार होते.