गव्हाच्या दाण्याएवढी फट

मार्गशीर्ष शु॥ ५, मंगळवार
आज तिसरा दिवस. रविवारी दुपारच्या जेवणानंतर यजमानांना ओकाऱ्या झाल्या, तेव्हापासून स्वयंपाकघराच्या माणसांना वाड्याची दिंडी बंद. वैद्यबुवा म्हणतात पित्त असेल, विषही असेल. दोन्ही बोलून मोकळे. वाढपी, पाणके यांच्या जबान्या घेऊन त्यांना सोडले. उरलो दोघे. बाळंभट आचारी, कारण रांधले त्याने. आणि मी, कारण कोठीतून काय निघाले ते माझ्या यादीवर. यजमान आता बरे आहेत, भात मागतात. कारभाऱ्यांचे मन मात्र बरे नाही.

यजमानांचे आता बाईसाहेब वर स्वतः रांधतात. वाड्यातल्या बाकी माणसांचे बा. भट. आधी आम्ही दोघांनी खायचे, दोन घटका पहारेकऱ्यासमोर बसायचे, मग इतरांची पाने.

माझे घर याच नारायण पेठेत, चार बोळ पलीकडे. घरी बायकोचे दिवस भरलेले. आई सोबत आहे एवढेच.

शु॥ ६, बुधवार
सुरणावर सुरी चालेना. पंधरवड्याला शिकलगार येऊन धार लावून जायचा, त्यालाही आता मज्जाव. बाहेरचा माणूस आत नको, आतले पाते बाहेर नको. बा. भटाने गाऱ्हाणे घातले तेव्हा कारभारी माझ्याकडे पाहून म्हणाले, "पंत, आपण रिकामेच बसला आहात. बोरूला टोक काढता, सुरीला धार काढा."

पाट्याच्या कडेवर खूप घासली. चकचकीत झाली. बा. भटाने पडवळावर धरली, पडवळ चेपले. म्हणाला, "सुरी दिली होती, पळी करून आणलीत."

शु॥ ८, शुक्रवार
उंबऱ्यापलीकडे पहाऱ्याला रामजी असतो. धायरीचा, घरी शेती, मिशा पांढऱ्या. दोन दिवस माझी घासाघीस बघत होता. आज त्याला राहवले नाही.

"पंत, तुमी धार लावताय का मोडताय?"

म्हटले, तूच दाखव. तर म्हणतो, "मी सुरीला शिवलो तर तुमच्या सोवळ्याचं काय हुईल? मी हितनं सांगतो."

कमरेचा निसणा, धारेचा दगड, काढून उंबऱ्यावरून आत सरकवला. धुऊन घेतला, दगडाला काय विटाळ. मग त्याने आपला चाकू हाती घेतला, मी सुरी. तो पलीकडे, मी अलीकडे. पाते दगडावर आडवे निजवायचे, मग पाठ जराशी उचलायची. किती? "गव्हाचा दाणा मावंल येवढी फट. जास्ती न्हाई." कोठीतून दाणा आणून खाली ठेवून पाहिला. रामजी हसला. मी हसलो नाही. मला मोजमाप कळते, अंदाज कळत नाही.

शु॥ ९, शनिवार
बोट कापले. डाव्या हाताचे, खोल नाही. हळद दाबली.

फट हलते हे खरे दुखणे. पहिल्या चार फेऱ्या ठीक, मग मन घरी जाते आणि मनगट उचलले जाते. रामजीला ते आवाजावरून कळते. "गेलं तुमचं ध्यान." दर वेळी बरोबर.

घरची खबर विचारली. तो जाता येता आमच्या बोळावरून जातो. "अजून काय न्हाई. म्हातारी दारात बसल्याली असती."

शु॥ ११, सोमवार
एकादशी. चिरणे कमी, दिवस मोठा. आज एक गोष्ट साधली. पात्याची एक बाजू घासत राहिलो की धारेपलीकडे बारीक खरखर येते, बोटाच्या पेराला लागते. ती मुळापासून टोकापर्यंत आली की ती बाजू झाली. मग पालटायची. मग खरखर हलक्या हाताने उतरवायची. इतके दिवस मी खरखर यायच्या आधीच पालटत होतो.

तिसऱ्या प्रहरी कारभाऱ्यांनी ओसरीवर बोलावले. समोर कोरा कागद. रविवारी सकाळी बा. भट परसदारी कोणाशी बोलत होता ते आपण पाहिलेत ना? पाहिले होते. एक माणूस, डोक्याला फडके. बा. भट आणि तो बोलत होते. कारभाऱ्यांना कोणी सांगितले ठाऊक नाही.

"पाहिलेत तेवढेच लिहा. न पाहिलेले लिहा असे मी म्हणत नाही. लिहा आणि घरी जा."

म्हणालो, आठवून लिहितो. ते म्हणाले, "आठवा, आठवा. आपल्याला घाई असेल असे वाटले होते."

शु॥ १२, मंगळवार
उपवास सुटला. सुरीने कोथिंबीर चिरली गेली, चेंगरली नाही. बा. भट पाटावर पसरून बघत राहिला. "आज कोथिंबीर रडली नाही, पंत." इतके गोड तो कधी बोलत नाही. माझ्याने त्याच्याकडे बघवेना. कागद कंबरेला होता.

शु॥ १३, बुधवार
विचारले. चूल विझल्यावर, रामजी पाणी प्यायला गेला तेव्हा. परसदारी कोण होता?

बा. भटाने चुलीतली राख ओढली. मग म्हणाला, "धाकटा भाऊ."

भाऊ दोन वर्षांमागे वाळीत पडला. लष्करात असताना कोणाच्या पंक्तीला जेवला म्हणून. बा. भट दर रविवारी परसदाराने त्याला पान देतो. शिळे नव्हे, ताजे, आधी काढून ठेवलेले.

"हे सांगितले तर विषाचा संशय जाईल," मी म्हणालो.

"जाईल. आणि उद्यापासून माझ्या हातचे पाणी कोण पिईल? माझी मुलगी कोण करील?"

मी त्याच्या हातचे तीन वर्षे जेवतो आहे. ते मनात आले, त्याने ओळखले. म्हणाला, "आता तुम्ही ठरवा."

शु॥ १४, गुरुवार
लिहिले तर मी खरे लिहीन आणि बा. भट त्यात अडकेल. लिहिले नाही तर मी इथेच. त्याचे गुपित लिहिले तर तो सुटून कुठे जाणार.

दिवसभर विळी. विळीला उलटे, पाते जागच्या जागी, दगड फिरवायचा. पाटावर पाय देऊन बसलो, संध्याकाळपर्यंत उठलो नाही. कारभारी येऊन उभे राहिले. "फार धार नको हो. इथे भाजीच चिरायची आहे." कागदाचे विचारले नाही.

व॥ १, शनिवार
सकाळी रामजी उंबऱ्याशी आला, आवाज खाली. "पंत, पहाटंपास्नं पोटात दुखाया लागलंय. सुईण आल्याली हाय."

कारभाऱ्यांकडे गेलो. तासभर सोडा, पहाऱ्यात सोडा. "कागद झाला का?" नाही म्हणालो. "मग?" एवढेच.

परत येऊन निसणा घेतला. फट राहीना. दगडावर पाते नुसते करकरत होते. बा. भटाने माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि म्हणाला, "लिहा. लिहून टाका पंत. मी रागावणार नाही."

बोरू उचलला होता. तेवढ्यात देवडीवर आईचा निरोप. मुलगी. दोघी सुखरूप.

आणि मग जे झाले ते माझ्या डोक्यातही नव्हते. निरोप कारभाऱ्यांच्या कानावर गेला, बाईसाहेबांच्याही. वरून आरडाओरड. मूल झाले, मला सुवेर! सुवेराचा माणूस स्वयंपाकघरात! दहा दिवस या चुलीपाशी माझी सावली नको. भांडी बाहेर काढा, गोमूत्र शिंपडा. ज्यांनी तेरा दिवस बाहेर पडू दिले नाही त्यांनीच मला दिंडीपर्यंत हाकलले.

कारभारी दिंडीत उभे होते, चार हात लांब. "दहा दिवस. अकराव्या दिवशी कागद घेऊन या. कोरा आणू नका."

मागे वळून पाहिले. बा. भट माझी भिजलेली सुरी पुसत होता. रामजीने पाहिले न पाहिलेसे केले.

व॥ २, रविवार
घरी आहे. मुलगी लहान, लाल, मुठी आवळून झोपते. लांबूनच पाहिली. ओसरीवर बसून असतो. आई म्हणते, "अरे, सुटलास ना? मग तोंड असे का?"

मघाशी बोळात एक माणूस आला. डोक्याला फडके. ओळखले. ओसरीच्या पायरीपासून दूर थांबला, आपणहून. गेल्या रविवारी परसदार बंद, आजही बंद. दादा कसा आहे, म्हणाला. सांगितले. सगळे सांगितले, कागदाचेसुद्धा.

तो म्हणाला, "मी जाऊन सांगतो. पान मी नेत होतो म्हणून. मला काय, मी तर आधीच बाहेर आहे."

"आणि बाळंभट?"

"जिवंत तर राहील."

म्हटले, त्याला विचारायला हवे. पण विचारणार कोण? मी आत जाऊ शकत नाही, हा तर मुळीच नाही. रामजीकरवी निरोप धाडायचा तर रामजीला सगळे सांगणे आले.

बसा म्हणालो. बसला नाही. म्हणाला, "तुम्ही हो म्हणा, मी असाच जातो. नको म्हणा, परत जातो."

अजून तिथेच उभा आहे. मी हे लिहितो आहे ते त्याच्याकडे बघावे लागू नये म्हणून. आई आतून विचारते आहे, बाहेर कोण आलंय रे.