भिंतीलगतच्या लोकरीचं काय करायचं

मी, खाली सही करणारी, वय चोवीस, डोकं ठिकाणावर (ताईचं मत वेगळं आहे), कुणाच्या दबावाखाली नाही, घाईत मात्र आहे, असं हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. उद्यापासून उंच मनोऱ्यांवर चढून दिवे दुरुस्त करायचे आहेत. मुकादम म्हणाला, "चढायच्या आधी लिहून ठेवा, मागे घरचे भांडतात." आधीच्या नोकऱ्यांत असं कुणी म्हटलं नव्हतं. बेकरीत तर उलट... असो.

१. बाबांनी ठेवलेल्या घरातला माझा अर्धा हिस्सा ताईला. मी तिथे सलग राहिले कधी?

२. सायकल, तंबू आणि हत्यारांची पेटी शेजारच्या वायरमनला. पेटीतली निम्मी हत्यारं त्याचीच आहेत.

३. भाऊजींना काही नाही. मागच्या भिंतीलगत लोकरी नावाची फुलझाडं आहेत; त्यांच्या पानांवरची रुपेरी लव भाऊजींना भुरी रोग वाटली आणि त्यांनी गंधक फवारलं. मी म्हटलं, "अहो भाऊजी, ती आजारी नाही, तिचा रंगच तो." तर म्हणाले, "मग औषधानं काय बिघडतंय?" बरीच झाडं गेली. बरं, माझी छत्री घ्या.

४. लोकरी हे नाव बाबांनी ठेवलेलं. मऊ रुपेरी पानं, वर राणी रंगाची फुलं. दोन-तीन वर्षं जगते, मग मधूनच कुजते. खत नको, पाणी बेताचं. फुलं गेली की वाळके दांडे तसेच उभे ठेवायचे. बोंडं तडकतात, बी खाली पडतं, नवी रोपं येतात. पण ताईला वाळकं दिसलं की उपटायला तिचे हात शिवशिवतात. यंदा सगळी झाडं म्हातारी आहेत. बी पडलं नाही तर लोकरी संपली. त्यात सोमवारी भाऊजी तिथे गाडीसाठी फरशी बसवणार. म्हणून अट: भिंतीलगतची पट्टी उघडी ठेवली तरच कलम १ लागू.

इथवर ताईने माझ्या खांद्यावरून वाचलं.

"शहाणे, हे तू मेल्यावर लागू ना?"

"हो."

"आणि सोमवारी तू जिवंत असलीस तर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कागद फाडायला घेतला. तिने मनगट धरलं. "घराची लालूच कसली दाखवतेस मला? तोंड नाही का तुला? माग की."

"ताई, बी पडेपर्यंत थांब ना गं."

५. ताई हो म्हणाली नाही. तिने फरशीवाल्याला फोन लावला: "सोमवारी येऊ नका. पुढे याल तेव्हा भिंतीपासून दोन हात सोडून." भाऊजी आतून ओरडले, "अगं, गाडी मावायची नाही!" ती म्हणाली, "मग लहान घ्या." हे इथे लिहून ठेवते, म्हणजे कुणाला फिरवता येणार नाही. कलम ४ मधली अट मी काढून टाकते. घर ताईचं, बिनशर्त.

साक्षीदार: समोरची शिंपीणबाई (सही), मुकादम (सही). ताईलाही सही करायची होती; जिला मिळतं तिची साक्ष चालत नाही म्हटल्यावर रुसली.

ठिकाण: मागच्या दाराची पायरी
दिनांक: कामावर जायच्या आदल्या दिवशी
लिहून देणार: ताईची धाकटी (सही)